दात येताना कान फुटतोच, हे कुणी सांगितलं?

"दात येताहेत ना, म्हणून कान फुटलाय. होतं असं." पावसाळा सुरू झाला की हे वाक्य मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. सोबत वर्ष-दीड वर्षाचं मूल असतं. नाक वाहत असतं, एका कानात कापसाचा बोळा असतो आणि बोळ्यावर पिवळा डाग. आणलेलं असतं तापासाठी, कानासाठी नव्हे. वर्षभरात हा कान कितव्यांदा वाहिला, असं विचारलं की आई आजीकडे बघते आणि आजी म्हणते, "मधून मधून वाहतोच त्याचा. ह्याच्या बाबाचाही वाहायचा."

मी फिजिशियन आहे, मुलांचा किंवा कान-नाक-घशाचा तज्ज्ञ नाही. पण तालुक्याच्या गावात लोक आधी फॅमिली डॉक्टरचंच दार वाजवतात. त्यामुळे हे फुटके कान मी खूप पाहिले आहेत, आणि ज्यांच्या कानाकडे लहानपणी कुणी पाहिलं नाही अशी चाळिशीतली माणसंही पाहिली आहेत. एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मोबाईल कायम दुसऱ्या बाजूला लावणारी. म्हणून आज जरा कडक लिहितो. रागावू नका.

लहान मुलांच्या कानाचा आपल्याकडे दोन प्रकारे छळ होतो. एक म्हणजे काहीच न करणं, 'मोठा झाला की थांबेल' म्हणणं. दुसरा म्हणजे नको ते सगळं करणं: तेल, थेंब, दर सर्दीला अँटिबायोटिक. पहिला प्रकार गावातला आणि दुसरा शहरातला असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. बऱ्याचदा दोन्ही एकाच घरात आणि एकाच मुलावर चालतात.

दुखणं कानात, दार नाकात

आधी हे कळलं पाहिजे की मुलाच्या कानात जंतू बाहेरून शिरत नाहीत. बाहेरच्या नळीच्या टोकाला पडदा असतो आणि तो शाबूत असेल तर पाणी, वारा, धूळ काहीही त्याच्या पलीकडे जात नाही. पडद्यामागे मधला कान असतो. ती एक छोटीशी पोकळी आहे, जेमतेम एखादा मिलिलिटर द्रव मावेल एवढी. या पोकळीला हवा मिळते ती नाकाच्या मागच्या बाजूला उघडणाऱ्या एका नळीतून. तिला युस्टेशियन नळी म्हणतात.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या मुलात तिची लांबी जवळपास निम्मीच असते आणि ती बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की नळीचं तोंड सुजतं, हवा जायची थांबते, पोकळीत पाणी साठतं आणि नाकातले जंतू त्या आडव्या, आखूड रस्त्याने वर पोचतात. पू होतो, पडदा फुगतो आणि मूल रात्री दोन वाजता किंचाळून उठतं. आडवं झालं की दाब वाढतो, म्हणून दुखणं रात्री जास्त.

म्हणजे कानाचं दुखणं हे मुळात सर्दीचं पुढचं पाऊल आहे. कानटोपी घालायची तर खुशाल घाला, मुलं त्यात गोड दिसतात. पण कानात वारं शिरून आतला कान पिकत नाही, आणि अंघोळीचं पाणी गेल्यानेही नाही (बाहेरच्या नळीचा संसर्ग पाण्यामुळे होऊ शकतो, पण ते वेगळं दुखणं आणि सहसा मोठ्या मुलांचं).

आता दातांचं. सहा महिन्यांनंतर दात यायला लागतात. त्याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, मूल रांगायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं, शेजारपाजारची मुलं भेटतात, सर्द्या सुरू होतात. सहा महिने ते दोन वर्षं हा कान पिकण्याचा सगळ्यात जोराचा काळ आहे आणि दातांचाही तोच. वय एक आहे म्हणून नातं आहे असं होत नाही. त्याच वयात मूल चालायलाही लागतं. चालल्यामुळे दात येतात असं कुणी म्हणत नाही. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल कान ओढेल, कुरकुर करेल, हे मान्य. पण दातांमुळे कानातून पू येत नाही. पू आला म्हणजे पडद्याला भोक पडलं आहे.

आणि इथेच घरचे फसतात. पडदा फुटला की आतला दाब एकदम उतरतो आणि दुखणं थांबतं. रात्रभर रडलेलं मूल सकाळी उशीवर डाग पाडून हसत उठतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. बहुतेक वेळा ते भोक काही दिवसांत आपोआप बुजतंही, हे खरं आहे. पण ते बुजलं की नाही हे कुणी बघितलं? वर्षातून तीन-चार वेळा तोच पडदा फाटत असेल तर एखाद्या वेळी तो बुजत नाही. मग कान कायमचा वाहता होतो, आणि पुढे शाळेत गुरुजी 'हा लक्ष देत नाही' अशी तक्रार करतात.

तेलाची वाटी खाली ठेवा

लसूण घालून कडकवलेलं तेल, तिळाचं कोमट तेल, नुसतं खोबरेल, ओव्याचं पाणी, आईचं दूध. मुलाच्या कानात काय काय घातलं जातं याची यादी मी कधी पूर्ण करू शकलो नाही. हे सगळं प्रेमापोटी होतं यात मला शंका नाही. मालिशवाल्या मावशी टाळू भरतात, नाकात दोन थेंब, कानात दोन थेंब. पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

पण वरचं कानाचं चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. पडदा शाबूत असेल तर तेल पूपर्यंत पोचतच नाही, म्हणजे उपयोग शून्य. पडदा फुटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं, सोबत नळीतली घाण आणि बुरशी घेऊन, म्हणजे नुकसान. तिसरी शक्यता नाही. शिवाय 'कोमट' किती हे आजीचं बोट ठरवतं, आणि आजीच्या बोटाची कातडी आयुष्यभर तव्यावर तयार झालेली असते. भाजलेली कानाची नळी मी पाहिली आहे. आणखी एक अडचण आमची: तेलाने भरलेल्या कानात आम्हाला पडदा दिसतच नाही. मग निदान अंदाजाने होतं.

"तेल घातल्यावर शांत झोपला की हो," असं तुम्ही म्हणाल. ऊब लागली, कुणी मांडीवर घेतलं, थोडा वेळ गेला. एवढ्याने मूल शांत होऊ शकतं. मग ऊब द्यायची तर बाहेरून द्या, मऊ फडका हातावर गरम करून कानाला टेकवा. आणि दुखण्यावर खरं औषध द्या: पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर असते, किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान सहा तास, दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. पण बाटली वाचा. ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं, २५० असलेलंही मिळतं, आणि थेंबांची छोटी बाटली तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. 'एक चमचा' म्हणजे किती औषध, हे बाटली न बघता कुणालाच सांगता येणार नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र विचारल्याशिवाय काही देऊ नका, त्याचा ताप लगेच दाखवायचा असतो. आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको.

मेडिकलमधून आणलेल्या कानाच्या थेंबांचंही तेच. शेजारच्याला लागू पडलेली बाटली तुमच्या मुलासाठी नाही. काही थेंबांत निओमायसिन किंवा जेंटामायसिन असतं. पडद्याला भोक असताना ही औषधं आतल्या कानापर्यंत पोचून श्रवणशक्तीला इजा करू शकतात. वाहत्या कानासाठी वेगळे, क्विनोलोन गटातले थेंब असतात आणि ते पडदा बघूनच द्यायचे.

अँटिबायोटिक: हवं तेव्हा नाही, नको तेव्हा हमखास

आता बाजू बदलतो, कारण दोष एकट्या आजीचा नाही. आमच्या व्यवसायालाही सुनवायचं आहे.

मुलाचा कान दुखतोय म्हणून तुम्ही दवाखान्यात गेलात. डॉक्टरांनी कानात बघितलं का? बॅटरी मारून नव्हे, ओटोस्कोपने, पडदा दिसेपर्यंत? बऱ्याच ठिकाणी उत्तर 'नाही' असं येतं. मूल रडतं, हात-पाय झाडतं, बाहेर वीस पेशंट बसलेले असतात. मान्य. पण पडदा न बघता कानाचं निदान करणं म्हणजे घसा न बघता टॉन्सिल सांगणं. सर्दी-ताप असलेल्या मुलाचा कान नुसता लाल दिसला म्हणजे तो पिकला असंही नाही. रडल्याने पडदा लाल होतोच. पडदा फुगलेला हवा, किंवा नव्याने पू आलेला हवा. तेव्हा मुलाला मांडीवर घट्ट धरून बसा आणि सरळ म्हणा, "डॉक्टर, पडदा कसा दिसतोय?" यात उद्धटपणा काही नाही.

पडदा बघितल्यावर पुढचा प्रश्न. पिकलेल्या प्रत्येक कानाला अँटिबायोटिक लागतंच असं नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत: सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं पहिल्या २४ तासांत थांबतं, अँटिबायोटिक द्या किंवा देऊ नका. म्हणून दोन वर्षांवरच्या, ताप फार नसलेल्या, कान न वाहणाऱ्या मुलाला दुखण्याचं औषध देऊन दोन-तीन दिवस बघता येतं. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलातही एकच कान असेल आणि मूल बरं दिसत असेल तर हा मार्ग मोकळा आहे. पण 'बघणं' म्हणजे घरी बसणं नव्हे. ४८ ते ७२ तासांनी पुन्हा दाखवायचं. ज्याला पुन्हा यायला तीस किलोमीटर एसटीने यावं लागतं, त्याच्याबाबत मी हा नियम ताणत नाही. हे अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत आणि तिथे परत येणं सोपं असतं.

थांबायचं कधी नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे. मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे, कानातून पू येतोय, ताप ३९ अंश सेल्सिअस (साधारण १०२ फॅरनहाइट) किंवा जास्त आहे, दोन दिवस दुखतंच आहे, किंवा दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान पिकलेत: यातलं काहीही असेल तर अँटिबायोटिक सुरू करायचं. आणि बहुतेक मुलांसाठी पहिलं औषध अमॉक्सिसिलिन. जुनं, साधं, स्वस्त, आणि नेमकं म्हणूनच लोकांना ते 'हलकं' वाटतं. "जरा स्ट्राँग द्या" अशी मागणी होते आणि सिफिक्झिम किंवा अझिथ्रोमायसिन लिहिलं जातं. कान पिकवणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूवर, विशेषतः तो थोडा निर्ढावलेला असेल तर, सिफिक्झिम हे योग्य मात्रेतल्या अमॉक्सिसिलिनपेक्षा दुबळं आहे. स्ट्राँग-हलकं हे किमतीवरून ठरत नाही.

आणि सुरू केलं तर पूर्ण करा. अमेरिकेत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली छापून आला. पाच दिवस औषध दिलेल्या मुलांत उपचार फसण्याचं प्रमाण ३४ टक्के होतं, दहा दिवस दिलेल्यांत १६ टक्के. जवळजवळ दुप्पट. म्हणजे दोन वर्षांच्या आतलं मूल तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवून द्यायची, आणि पुढच्या सर्दीला तीच उरलेली बाटली काढायची, हा आपला अगदी घरगुती रिवाज दोन्ही टोकांनी चूक आहे. पाणी घालून तयार केलेलं ते सिरप तसंही आठवडा-दीड आठवड्यात निकामी होतं. ओता बेसिनमध्ये.

पुन्हा पुन्हा म्हणजे किती?

सहा महिन्यांत तीन वेळा, किंवा वर्षात चार वेळा (त्यातली एक तरी मागच्या सहा महिन्यांत). एवढ्या वेळा कान पिकला तर त्याला आम्ही वारंवार होणारा संसर्ग म्हणतो आणि मग विचार वेगळा करतो. 'मधून मधून वाहतो' यावरून मला काही कळत नाही. लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या पानावर तारीख, कुठला कान, पू आला का, औषध कुठलं, एवढं लिहून ठेवा. चार ओळींचं काम आहे, पण मला त्याचा फार उपयोग होतो.

मग 'रोज थोडं अँटिबायोटिक चालू ठेवू म्हणजे होणारच नाही' असा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. एके काळी हे चालायचं. आता सांगितलं जात नाही, कारण फायदा थोडका आणि जंतू निर्ढावण्याचा धोका मोठा. महिनोन्महिने सर्दीची सिरपंही नकोत. मधल्या कानातलं पाणी त्यांनी लवकर जात नाही, मूल झोपाळतं एवढंच.

बदलायच्या गोष्टी घरात आहेत, आणि त्यातल्या काही बोलायला अवघड आहेत.

धूर. बाबा गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतात, "मुलासमोर ओढत नाही." कपड्यांना, केसांना लागून तो धूर आत येतोच. चूल असेल तर चूल. आणि हो, धुरी. बाळाला अंघोळीनंतर शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी देण्याची आपली पद्धत. वास छान येतो, मला स्वतःला आवडतो. पण धुराने नाकाची आणि त्या नळीची आतली अस्तरत्वचा चिडते, तिथले कचरा बाहेर ढकलणारे बारीक केस मंदावतात. ज्याचा कान वर्षात चारदा पिकतो त्याच्या खोलीत धुरी बंद. यावर मी आजीशी वाद घालायला तयार आहे, आणि घालतोही.

आडवं पाजणं. बाळाला पायांवर उताणं टाकून बोंडल्याने दूध, किंवा बाटली उशीला टेकवून झोपेतच पाजणं. उताण्या बाळाचं दूध त्या आडव्या नळीकडे सहज जातं. डोकं वर धरून, मांडीवर बसतं करून पाजा. वर्षानंतर बाटली सोडवाच, कप-वाटी द्या. अंगावरच्या दुधाला ही भीती घालू नका. आईने कुशीवर झोपून पाजलं तरी चालतं, आणि पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध हेच कानाचं सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे. तोंडात सतत ठेवायची रबरी चोखणी सहा महिन्यांनंतर कमी करा, झोपताना पाच मिनिटं फार तर.

पाळणाघर. नोकरी करणाऱ्या आईला 'पाळणाघर बंद करा' सांगणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. सांगणाऱ्याचं काय जातं? वीस मुलांच्या खोलीपेक्षा पाच-सहा मुलांचं घर मिळालं तर बघा, एवढंच म्हणतो. शक्य नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका, वय वाढेल तसं हे कमी होतं.

लस. न्यूमोकोकल लस, कार्डावर पीसीव्ही लिहिलेली असते, ती सरकारी लसीकरणात २०१७पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१मध्ये देशभर गेली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मोफत. तिने सगळे कानाचे आजार थांबत नाहीत. मुख्य काम न्यूमोनिया आणि मेंदूज्वर रोखण्याचं आहे. कानाला होतो तो थोडा वरचा फायदा. नऊ महिन्यांचा डोस चुकलेला बऱ्याच कार्डांवर दिसतो. बघा आपलं.

न दुखणारा कान

आतापर्यंत जे लिहिलं ते दुखणाऱ्या कानाबद्दल. मला जास्त काळजी न दुखणाऱ्या कानाची वाटते.

संसर्ग बरा होतो, ताप जातो, पण पडद्यामागचं पाणी राहतं. महिन्याभरानंतरही ते बऱ्याच मुलांत असतं, त्यात नवल नाही. तीन महिन्यांत बहुतेकांचं निघून जातं. काहींचं जात नाही, घट्ट होतं, डिंकासारखं. मूल रडत नाही, ताप नाही, कान ओढत नाही. फक्त त्याला सगळं हळू ऐकू येतं, कानात बोटं घालून ऐकल्यासारखं. २५ ते ३० डेसिबलची ही घट. म्हणजे समोरून जोरात हाक मारली तर वळतं, पण मागून हळू बोललेलं, शब्दाच्या शेवटचा 'स', 'त', 'फ' निसटतो. आणि हे ज्या वयात होतं त्याच वयात भाषा कानातून आत जात असते.

मग घरात काय बोललं जातं? "ऐकत नाही, हट्टी आहे." "टीव्हीचं वेड आहे, जवळ जाऊन बसतो." "आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात." "मामाही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला." मामाचं राहू द्या. दोन वर्षांचं मूल 'बाबा ये', 'मम दे' असे दोन शब्द जोडत नसेल तर पहिली तपासणी ऐकण्याची. हट्टीपणाचं निदान त्यानंतर करा. ताट पडल्यावर मूल दचकलं म्हणजे कान ठीक, ही परीक्षा कुचकामी आहे. ताटाचा आवाज खूप मोठा असतो.

तपासणी अवघड नाही. टिम्पॅनोमेट्री म्हणजे कानात छोटं बोंड लावून पडदा हलतो की नाही बघणं. एक-दोन मिनिटांत होतं, दुखत नाही. ऐकण्याच्या तपासण्या मुलाच्या वयानुसार ठरतात, अगदी लहान मुलाला झोपवून बेरा नावाची तपासणी करतात. खासगीत परवडत नसेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात वाहता कान आणि कमी ऐकू येणं, दोन्ही तपासायच्या यादीत आहेत आणि पुढे पाठवण्याची सोय आहे. पथक आलं त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. 'काही निघालं तर?' या भीतीने मुलं लपवलेली मला माहीत आहेत.

पाणी तीन महिन्यांहून जास्त राहिलं आणि ऐकू कमी येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ ग्रोमेटबद्दल बोलतील. पडद्यात बसवायची ही मण्याएवढी नळी, हवा आत जाण्यासाठी. बहुधा सहा महिने ते दीड वर्षात ती आपोआप बाहेर पडते. ऑपरेशन छोटं आहे पण भूल द्यावी लागते. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत 'एवढ्याशा जिवाला भूल नको' म्हणून वर्षं घालवणं मला पटत नाही. उलट, ऐकू नीट येतंय, दोन संसर्गांच्या मध्ये कान कोरडा आणि स्वच्छ होतोय, केवळ वारंवार पिकतो, अशा मुलाला घाईने ग्रोमेट घालणंही पटत नाही. अमेरिकेत सहा महिने ते तीन वर्षांच्या २५० मुलांवर याचाच अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. दोन वर्षांत ग्रोमेट घातलेल्यांना वर्षाला सरासरी १.४८ वेळा संसर्ग झाला, औषधांवर ठेवलेल्यांना १.५६ वेळा. म्हणजे फरक नाहीच. तेव्हा 'वारंवार कान पिकतो' म्हणून ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर दोन प्रश्न विचारा: मधल्या काळात पडद्यामागे पाणी राहतंय का, आणि ऐकण्याची तपासणी काय सांगते? दोन्हींची उत्तरं कागदावर मिळायला हवीत. मूल तोंड उघडं ठेवून घोरत झोपत असेल तर नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड गाठीबद्दलही विचारा.

कान वाहतोय तोवर

कोरडा ठेवणं हा निम्मा उपचार आहे. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात वळा, हळूच कानाच्या तोंडाशी ठेवा, ओली झाली की काढा, नवी घ्या, कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा तरी. काडीला कापूस गुंडाळून आत कोरायचं नाही, हेअरपिन तर बोलूच नका. थेंब दिले असतील तर ते कान असा टिपून झाल्यावरच घालायचे, नाहीतर पुवावर तरंगतात. बोळा दिवसभर आत ठेवायचा नाही, पू कोंडतो. फक्त डोक्यावरून अंघोळ घालताना व्हॅसलिन लावलेला कापूस, नंतर काढून टाकायचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कान वाहिला तर तो आता साधा राहिलेला नाही, तज्ज्ञाकडेच जा. पू थोडा पण घाण वासाचा असेल तर दोन आठवडेही थांबू नका. तसा पू हाड कुरतडणाऱ्या आजाराचा असू शकतो.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची ओपीडी, अमावस्या, उद्याचं लग्न, काहीही बघू नका. कानामागचं हाड सुजलंय, लाल झालंय, हात लावू देत नाही किंवा कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसते. तोंड एका बाजूला वाकडं होतंय. मूल तोल जाऊन पडतंय. मान कडक आहे, सारखी उलटी होतेय, झटका आला, किंवा मूल गुंगीत आहे आणि दूध घेत नाही. संसर्ग कानाच्या बाहेर, हाडात किंवा मेंदूच्या आवरणाकडे निघाल्याची ही चिन्हं आहेत. अशा वेळी माझ्या दवाखान्यातही येऊ नका, त्यात तास-दोन तास जातात. जिथे बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघेही आहेत अशा जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे थेट निघा, गाडी नसेल तर १०८ला फोन करा, आणि कानात काय काय घातलं होतं ते तिथल्या डॉक्टरांना न लाजता सांगा. तेलासकट.